डोझरचं छोटं इंजिन

कोराडी रोडवरचा प्लॉट मी विकला. चांगल्या भावात विकला. घेणारा अजून घरी बसून हिशेब जुळवत असेल. त्याची अट एकच होती, रजिस्ट्रीच्या आधी जागा मोकळी हवी. टिप्पर गेले, पोकलेन गेलं, पत्र्याची खोलीसुद्धा खोलून नेली. राहिला तो डोझर.

ट्रेलरवाला मशीनभोवती एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "स्वतःच्या चेनवर चढलं तर नेतो सेठ. मेलेलं मशीन मी ओढत नाही, माझी गाडी मोडन."

भंगारवाला त्याच दुपारी आला. त्याने हातोडीने ब्लेडवर दोनदा ठोकलं, टरबूज बघावं तसं. "सोमवारी कटर आणतो. इथंच कापतो, तुमाले तकलीफ नाही."

"चालू झालं तर?"

"चालू झालं तर तुमचं. मी चहा पिऊन वापस." मग डोझरच्या चेनमधून उगवलेल्या रुईकडे पाहून हसला. "पण सेठ, याच्यात तं आता झाडं येऊन राहिले."

मला राग आला, तो मी गिळला. माल घेणाऱ्यासमोर राग दाखवला की तो ओळखतो, याला ही वस्तू हवी आहे. आयुष्यभर मी असाच भाव केला आहे. आपण गप्प बसायचं आणि समोरच्याला बोलू द्यायचं. जो आधी बोलतो त्याचा आकडा खाली येतो.

आज माझ्याकडे किल्लीवर चालणारी नवी मशीनं आहेत. पण पहिलं हे. एका खाणीच्या लिलावात आम्ही दोघांनी ते घेतलं होतं, मी आणि माझा भागीदार. बोली मी लावली. मशीन त्यानं चालवलं. त्याच्या बसण्याने सीटला जो खड्डा पडला, तो अजून तसाच आहे.

या जुन्या डोझरला किल्ली नसते. मोठं डिझेल इंजिन सुरू करायला त्याच्या बाजूला पेट्रोलवर चालणारं एक छोटं इंजिन बसवलेलं असतं. आधी हँडल मारून ते छोटं पेटवायचं. दोघांचं पाणी एकच, म्हणून छोटं तापलं की मोठंही गरम होतं. मग छोट्याच्या जोरावर मोठं फिरवायचं, कॉम्प्रेशनचा दांडा सोडायचा, डिझेल उघडायचं. छोटं पेटलं नाही तर मोठं म्हणजे नुसता लोखंडाचा ढीग. कोराडीतला एक तरुण मेकॅनिक मी बोलावला होता. त्याने सगळीकडून पाहिलं आणि विचारलं, "याचा स्टार्टर कुठं हाय?" म्हटलं, तूच बघ. तो गेला तो आलाच नाही.

म्हणून शनिवारी सकाळी मी एकटाच धरमपेठेतल्या घरून डबा घेऊन निघालो. डबाही स्वतःच भरलेला. बायको गेल्यापासून माझ्या घरी कुणी "किती वाजता येणार?" असं विचारत नाही, त्यामुळे मला वेळच वेळ होता.

पहिला संशय पेट्रोलवर. टाकीतलं जुनं पेट्रोल बाहेर काढलं तर त्याला वार्निशचा वास. कॉकखालची काचेची वाटी उघडली, तळाला गूळ बसावा तसा चिकट थर. कार्बोरेटर खोलला, जेट तारेने साफ केले, फ्लोट हलतो का पाहिलं. नवं पेट्रोल घातलं. हँडल घातलं. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा गुंडाळायचा नाही. इंजिन उलटं मारलं तर मनगट जातं. हे मला भागीदारानेच सांगितलं होतं, तेव्हा मी म्हणालो होतो, "मले काय कराचं हाय हँडल मारून, तू हाय ना."

दुपारपर्यंत मारत होतो. छोटं इंजिन एकदाही खोकललं नाही.

मग प्लग काढला, वायर लावून तो इंजिनाच्या अंगावर टेकवला, सावलीसाठी अंगावरचा शर्ट वर धरला आणि दुसऱ्या हाताने हँडल फिरवलं. ठिणगी नाही. दुसऱ्या प्लगलाही नाही. नवे प्लग लावले, तरी नाही. बंद करायच्या बटणाची वायर कुठे टेकली असेल म्हणून ती सोडवून ठेवली, तरी नाही. म्हणजे ठिणगी तयार करणारा मॅग्नेटोच गेला. कामठी रोडवर एक जण मॅग्नेटोची कॉइल भरून देतो, त्याला फोन केला. तो म्हणाला, आणा, आठ दिवसांत बघतो. माझ्याकडे सोमवार सकाळपर्यंतचा वेळ होता.

तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं की हे आपोआप झालेलं नाही.

भागीदार सोडून गेला तो असा. वीज केंद्राच्या राखेच्या बांधाचं काम या प्लॉटला लागूनच सुरू होतं, मशीन रात्री प्लॉटवर उभं राहायचं. एका संध्याकाळी कंपनीच्या इंजिनिअरसमोर मी त्याला झापलं. काम संथ चाललं होतं, तोंडात सदा सुपारी-तंबाखूचा खर्रा, बोलायला गेलं की आधी थुंकायचा, आणि कानात काही शिरत नव्हतं. त्याने खाली उतरून माझ्याकडे पाहिलं. "मशीन मी चालवतो. तू निरा तोंड चालवतं," म्हणाला. इंजिनिअर हसला. दुसऱ्या दिवशी हा आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. काम दुसऱ्याला गेलं आणि माझं नाव खराब झालं. नंतर कळलं, नंदनवन वस्तीत भाच्याच्या टायरच्या दुकानात बसतो. मी बोलावलं नाही. सोडून तो गेला होता, तर आधी त्याने बोलायचं होतं.

आणि जाताना त्याने मॅग्नेटोतून काहीतरी काढून नेलं, याची मला शनिवारी दुपारी शंभर टक्के खात्री झाली. तिरमिरीत फोन लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"कोन?"

"मी."

तिकडे हवेच्या पंपाचा आवाज येत होता.

"डोझरच्या मॅग्नेटोतून काय काढून नेलं तू?"

"मी काहून नेऊ गा? मले काय त्याची भाजी कराची हाय?"

"ठिणगी येऊन नाही राहिली."

"मंग येनार कशी? रोज ठेवतो तसंच ठेवलं होतं म्या." त्याने फोन ठेवला.

रोज कसं ठेवायचा? मी डोझरच्या चेनवर बसून डबा खाल्ला आणि आठवत राहिलो. काम संपलं की मी फोनवर असायचो. उद्याचं डिझेल, परवाचं बिल, कुणाला दाबायचं, कुणाला सोडायचं. मशीनकडे माझी पाठ असायची. तो खाली उतरायचा, तोंडातला खर्रा थुंकायचा, खर्र्याची रिकामी प्लास्टिकची पन्नी हातात घेऊन छोट्या इंजिनाजवळ वाकायचा. मला वाटायचं, कचरा कोंबतोय कुठेतरी. त्यावरूनही मी बोललो आहे.

मॅग्नेटोच्या झाकणाला दोन स्क्रू होते. सकाळपासून मी ते उघडलं नव्हतं. कॉइल गेली असं एकदा ठरवल्यावर आत काय बघायचं? आता उघडलं. आत दोन पॉइंट असतात. ते एकमेकांना टेकतात आणि सुटतात, तेव्हा ठिणगी तयार होते. त्या दोन पॉइंटच्या मधोमध खर्र्याच्या पन्नीची चार पदरी घडी होती. पिवळी पडलेली, पण शाबूत.

किल्ली नसलेल्या मशीनला त्याचं कुलूप हे होतं. रात्री कुणी पोरं-टोरं चढली, हँडल मारत बसली, तरी छोटं इंजिन पेटणार नाही. सकाळी आल्यावर पन्नी काढायची, झाकण लावायचं आणि कामाला लागायचं.

मी ती ओढून काढली, तशी ती घडीवर चिरली. ज्या संध्याकाळी त्याने मला इंजिनिअरसमोर सुनावलं, त्याच संध्याकाळी तो रोजच्यासारखा वाकला होता आणि त्याने रोजच्यासारखं कुलूप लावलं होतं. जो माणूस परत येणार नाही, तो कुलूप कशाला लावेल? म्हणजे निघताना त्याच्या मनात सकाळी यायचं होतं. मग रात्रीतून असं काय झालं? एवढी वर्षं माझी त्याच्यावर एक तक्रार होती, की तो सोडून गेला. आता तिच्यावर ही दुसरी येऊन बसली, की यायचं ठरवूनही तो आला नाही, आणि ती पहिलीपेक्षा जड आहे.

पॉइंट पॉलिश पेपरने घासले. प्लग टेकवून हँडल फिरवलं, टच्चकन निळी ठिणगी. अंधार पडला होता, बाकीचं रविवारी केलं. चोक ओढला, हँडल मारलं. छोटं इंजिन खोकललं, धूर ओकलं आणि फटफटायला लागलं. कोळशाच्या ट्रकवाले रस्त्यावरून मान वळवून बघत होते. पाण्याचा पाईप हाताला कोमट लागला, तेव्हा मोठं फिरवलं, दांडा सोडला. आधी पांढरा धूर, मग काळा, मग पायाखालची जमीन हलली. मला आनंद झाला आणि तो सांगायला तिथे कुणीच नव्हतं. खिशातून फोन काढला. दोन वेळा नंबरपर्यंत गेलो. मग परत ठेवला.

सोमवारी भंगारवाला कटर घेऊन आला, तेव्हा डोझर ट्रेलरवर चढत होता. मी चालवत होतो, वाकडातिकडा, ट्रेलरवाला शिव्या देत होता. "डावा सोडा! डावा म्हंतो ना मी!" भंगारवाला म्हणाला, "सेठ, आता चहा तं पाजा." पाजला.

कामठीकडच्या माझ्या दुसऱ्या जागेवर डोझर उतरवला, तोवर दुपार झाली. ट्रेलर गेला. जागेला कुंपण नाही. जुनी पन्नी काढताना चिरली होती. म्हणून समोरच्या पानठेल्यावर गेलो.

"एक पन्नी दे."

"निरी पन्नी नाही देत भाऊ. खर्रा घ्या."

"मी खात नाही."

"मंग पन्नी काहून पायजे?" त्याने हात चालूच ठेवला, सुपारी, चुना, तंबाखू पन्नीत घालून लाकडावर घासत होता. "किती घासू? मऊ का कडक?"

भागीदाराला कसा लागायचा ते मला आठवत होतं. "कडक," म्हटलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा भाव न करता पैसे दिले.

पन्नीचा कोपरा फाडला, चार पदरी घडी घातली, पॉइंटच्या मधे ठेवली आणि झाकणाचे दोन्ही स्क्रू आवळले. उरलेल्या पन्नीत खर्रा पुन्हा बांधला. भागीदार ठेवायचा तिथेच ठेवला, सीटच्या खड्ड्यामागे, पत्र्याच्या खोबणीत. खर्रा दोन दिवसांत सुकतो. हेही त्यानेच कधीतरी सांगितलं होतं.