खड्डा बुजवायचे पैसे

बाबांच्या डोक्यात एकदा शिरलं की शिरलं. वनखात्याच्या रोपवाटिकेतून निवृत्त झाल्यावर हाती आलेली रक्कम त्यांना एका खाण कंपनीच्या शेअरमध्ये घालायची होती. मी कंत्राटी शिक्षिका, लग्न केलेलं नाही, पुढे पेन्शनही नाही. "मी गेल्यावर तुले दरसाल काईतरी येत राहिलं पायजे," एवढाच त्यांचा हट्ट. ज्या माणसाने आयुष्यात स्वतःसाठी एक छत्री धड घेतली नाही, तो माझ्या म्हातारपणाची सोय करायला निघाला होता.

कुडवा गावातल्या आमच्या दोन खोल्यांत एका रविवारी मी मोबाईलवर त्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडला आणि त्यांना वाचून दाखवू लागले. एकूण देणी गेल्या वर्षापेक्षा बरीच उतरली होती. मी खूश.

"बाबा, देणं कमी झालं. कंपनी चांगली दिसून राहिली."

"कोनतं देनं कमी झालं?"

मी गणित शिकवते, पण हा प्रश्न काही मला सुचला नव्हता. एकूण देणी म्हणजे बँकेचं कर्ज, असंच मी धरून चालले होते. खालच्या टिपा उघडल्या, तर कर्ज होतं तेवढंच होतं. माल पुरवणाऱ्यांचे पैसेही द्यायचेच होते. उतरली होती ती खाण बंद करताना जमीन पूर्ववत करायला धरलेली रक्कम.

"मंजे खड्डा बुजवाचे पैसे," बाबा म्हणाले. नोकरीत असताना त्यांनी एका खाणीच्या मातीच्या ढिगावर रोपं लावली होती. तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत जगलेलं झाडच ते मोजायचे. "मंग खड्डा लहान झाला का?"

"नाही. खाण आता आणखी बरीच वर्षं चालेल म्हणतात. बुजवायचा खर्च लांब गेला, म्हणून आज कमी धरला."

"खोदून तर राहिलेच हायेत ना! पुढं ढकललं मंजे फिटलं का व?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मंग तुमी ऑपरेशन कायले ढकलून राहिले?"

बाबांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, मागचा पडदाही खराब; दुसऱ्या डोळ्याने आधीपासूनच अंधुक. नागपूरला न्या, असं डॉक्टर दोन वर्षांपासून सांगत होते. पण नागपूरचं नाव काढलं की पालथ्या घड्यावर पाणी. आज मात्र त्यांनी कारण सांगितलं.

"तुह्यासाठी ठेवलेले पैसे मोडले असते," हळूच म्हणाले.

मला संताप आला, आणि त्याहून जास्त माया दाटून आली. मी त्यांचा हात धरला आणि चांगली रागावले. त्यांनी ऐकून घेतलं.

शेअर घेतले नाहीत. ऑपरेशन झालं. काही आठवड्यांनी नवा चष्मा लावून ते माझ्याकडे टक लावून बघू लागले. मला वाटलं, नीट दिसतंय म्हणून हसतील. पण त्यांनी हात वर केला आणि माझ्या कानाजवळच्या बटा बाजूला केल्या.

"बाई, तुहे केसं कधी पांढरे झाले व?"