बॅनर ओढणारी भाची

माझी भाची पायलट आहे असं सांगितलं की गिऱ्हाइकं आदराने मान हलवतात. मग मी सांगते की सध्या ती गाद्यांची जाहिरात करते, आणि मान हलायची थांबते. त्यात खोटं काहीच नाही. गावाबाहेरच्या छोट्या धावपट्टीवरून एक जुनं, एका पंख्याचं विमान उडतं. त्याच्या शेपटीला लांबलचक दोर, दोराला माणसाएवढाली कापडी अक्षरं, आणि ते सगळं लटांबर ओढत आमच्या बाईसाहेब बाजारावरून, मैदानावरून, शाळा सुटायच्या वेळी शाळेवरून गोल गोल फिरतात. खाली लोक तोंड वर करून वाचतात की अमक्या गादीवर झोप छान लागते.

ह्याला ती अनुभव म्हणते. तिला मालवाहू विमानांच्या कंपनीत जायचं आहे, आणि ती कंपनी पंधराशे तास उडालेल्या माणसाशिवाय कोणाला दारात उभं करत नाही. आता तास आणायचे कुठून? विमान काही घरात ठेवलेलं नसतं. म्हणून ही पोरं मिळेल ते काम करतात. कोणी शेतावर औषध फवारतं, कोणी हौशी लोकांना पॅराशूटने उडी मारायला वर नेऊन सोडतं. हिच्या वाट्याला गाद्या आल्या. धावपट्टी माझ्या घरापासून जवळ, म्हणून ती राहायला माझ्याकडे आली. खाली माझं शिवणकामाचं दुकान, वर दोन खोल्या. ती म्हणाली, थोडे दिवस राहीन. तेव्हापासून माझ्या कपाटाचा अर्धा भाग तिचा आहे, आणि तो अर्धा दर आठवड्याला थोडा वाढतो.

"माणसांची विमानं का नाही चालवत?" मी तिला एकदा विचारलं होतं.

"माणसं फार बोलतात, आत्या. खोकी गप्प बसतात."

हे ती कोणाच्या घरात राहून म्हणत होती ते लक्षात घ्या.

तर त्या अक्षरांमुळे मीही ह्या धंद्यात ओढली गेले. विमान ती अक्षरं घेऊन उतरत नाही. आधी धावपट्टीशेजारच्या गवतावर खाली येऊन दोर सोडून द्यायचा, मग एक फेरी मारून मोकळ्या शेपटीने उतरायचं. अक्षरं गवतावर आपटतात, काट्यांत अडकतात, फाटतात. ती शिवायला माझ्याकडे येऊ लागली. एवढं मोठं अक्षर शिवायचं म्हणजे अर्धं मशीनवर, अर्धं रस्त्यावर. कोट शिवायला आलेले एक गृहस्थ दारातून आत येताना एका अक्षरात पाय अडकून पडले. त्यांनी कोट दुसरीकडे शिवला.

गाद्या नसतात तेव्हा लोकांचे निरोप असतात. वाढदिवस, माफी, असलं काहीतरी. एका तरुणाने आपल्या मैत्रिणीला लग्नाचं विचारायला बॅनर लावलं. बागेत तिला बाकावर बसवलं, वर बघ म्हणाला. तिने वर बघितलं, वाचलं, नाही म्हणाली आणि निघून गेली. पण वर हिला हे कळणार कसं? ठरलेला सगळा वेळ ही त्या बिचाऱ्याच्या डोक्यावर तेच वाक्य ओढत फिरत राहिली. घरी आली तेव्हा खुशीत होती, कारण वारा उलटा होता आणि तास चांगला भरला होता. मला त्या मुलाचं वाईट वाटलं. हिला वाटायला दोन दिवस लागले.

दोर सोडण्याची एक पद्धत आहे, ती इथेच सांगते, कारण पुढचं सगळं त्या पद्धतीमुळेच घडलं. वैमानिकाच्या डाव्या गुडघ्याजवळ एक खटका असतो. तो ओढायचा आणि रेडिओवर म्हणायचं, "सोडलं." खाली एक म्हातारे काका उभे असतात. विमान उडता उडता ज्या खांबांवरून दोर आकड्याने उचलतं, ते खांब तेच रोवतात, म्हणून त्यांना सगळे खांबवाले काका म्हणतात. ते वर बघून रेडिओवर म्हणतात, "पडलं." ते शब्द कानावर आल्याशिवाय उतरायचं नाही, परत वर जायचं. कारण दोर शेपटीलाच राहिला आणि तारेत किंवा झाडात गुंतला, तर विमानाची आणि आतल्या माणसाची धडगत नाही. हे तिने इतकं अंगात भिनवलं होतं की घरातही तेच चालायचं. मोरीत ताट ठेवलं की म्हणायची, "सोडलं." मी मशीनवरून ओरडायची, "पडलं." एकदा मी मुद्दाम गप्प बसले तर ताट परत उचलून घेतलं तिने.

ह्या सगळ्यात एकच माणूस हसत नव्हता, तो म्हणजे तिचा बाप, माझा धाकटा भाऊ. त्याचं रंग आणि हार्डवेअरचं दुकान आहे, इथून दिवसभराच्या वाटेवर. हिची आई गेल्यापासून त्या घरात बाप आणि लेक दोघंच होती, आणि आता लेकही माझ्याकडे. माणूस मुळातच कमी बोलणारा. काही कडक बोलायचं असलं की आधी घसा खाकरतो. त्या वर्षी फोनवर बराच वेळ घसा खाकरला आणि म्हणाला, "हे शेवटचं वर्ष. त्या कंपनीने घेतलं तर ठीक. नाहीतर घरी यायचं आणि दुकान बघायचं. तिला सांग."

"तूच सांग की, तुझी मुलगी आहे," मी म्हटलं.

"तू सांगितलेलं ती ऐकते."

मी सांगितलं. तिने ऐकलं, आणि गादीचं फाटलेलं अक्षर माझ्यापुढे टाकून म्हणाली, "उद्या सकाळी हवंय." पण त्यानंतर ती सुट्टी घ्यायची बंद झाली. मला भावाचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. पोरगी इतकी जिवाचं रान करते आहे आणि हा तिकडून मुदती घालतो. मी त्याला फोनवर तसं ऐकवलंही. तो नुसता घसा खाकरत राहिला.

वर्ष संपायच्या आत तिचे तास भरले, आणि मालवाहू कंपनीने तिला बोलावलं. लेखी झालं, तोंडी झालं, मोठ्या गावच्या विमानतळावर त्यांच्या छोट्या मालवाहू विमानावर चार दिवस सरावही झाला. सरावाला शेजारी शिकवणारा असे आणि रेडिओवर तोच बोले. राहिली शेवटची चाचणी. तीत सगळं हिने करायचं आणि शेजारी कंपनीचे मोठे कॅप्टन बसणार, ज्यांच्याबद्दल इतकंच कळलं होतं की ते बोलत नाहीत. मागे मालाच्या जागी वाळूची पोती, जाळीने आवळून बांधलेली. ह्या एका उड्डाणावर सगळं होतं. इकडे आकाश, तिकडे खिळे-मोळे आणि रंगाचे डबे.

काय झालं ते तिने त्या संध्याकाळी माझ्या कापड बेतायच्या टेबलावर बसून सांगितलं. टेबलावर बसलेलं मला चालत नाही, पण त्या दिवशी काही म्हटलं नाही.

उड्डाण उत्तम झालं. वळणं उत्तम, कॅप्टन सांगतील ते सगळं उत्तम. मग उतरायची वेळ आली. समोर धावपट्टी, शेजारी गवत. गवत दिसलं आणि हिचा डावा हात गुडघ्याकडे गेला. तिथे खटका नव्हता, पण जीभ कशाला थांबते? विमानतळाच्या रेडिओवर, जिथे सगळ्या विमानांचं बोलणं सगळ्यांना ऐकू जातं, तिथे बाईसाहेब ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "सोडलं."

आणि "पडलं" ऐकू येईना, म्हणून विमान परत वर नेलं.

टॉवरवरच्या माणसाचा आवाज आला, "काय सोडलंत?"

ही विमान वर नेण्यात गुंतली होती. त्याने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. मालवाहू विमानातून गावावर काहीतरी पडलं म्हटल्यावर तो थांबणार थोडाच. त्याने धावपट्टी बंद केली आणि शोधायला जीप पाठवली. उतरायला आलेली दोन विमानं, त्यातलं एक माणसांनी भरलेलं, त्याने वरच घिरट्या घालायला लावली. कॅप्टन समोर बघत म्हणाले, "सांगा त्यांना."

तिने सांगितलं. "काही सोडलेलं नाही. सवयीने बोलले. मी आधी बॅनर ओढत होते."

मग घिरट्या घालणाऱ्यांपैकी कोणीतरी अगदी सभ्य आवाजात विचारलं, "बॅनरवर काय होतं?"

"गाद्या," ही म्हणाली. खोटं बोलणं तिला त्या घटकेला सुचलंसुद्धा नाही.

जीपवाल्यांना अर्थातच काही सापडलं नाही. विमान उतरलं. कॅप्टनांनी पट्टा सोडला, टोपी घातली आणि म्हणाले, "घरी जा. बोलावलं तर या."

"बोलावलं तर," ती टेबलावर पाय हलवत म्हणाली. "'बोलावलं की या' असं नाही, आत्या. बोलावलं तर."

मला हसू आवरत नव्हतं आणि ती रडत होती, त्यामुळे माझी फार पंचाईत झाली. शेवटी मी हसले. मग तीही हसली, मग पुन्हा रडली. मी तिचं नाक टेबलावरच्या बेतलेल्या कापडाने पुसलं आणि ते कापड फुकट गेलं.

आठ-दहा दिवसांनी फोन आला. पुन्हा एकदा चाचणी, पुढच्या आठवड्यात. हातात आठवडाभर वेळ, सवय मोडायची, आणि सरावाला विमान म्हणजे तेच खटक्याचं. म्हटलं, इथेच मोडू. तिला मशीनपुढच्या स्टुलावर बसवलं, पाय मशीनच्या पेडलवर, समोर भिंतीला धावपट्टी म्हणून पांढरी पट्टी चिकटवली आणि शेजारी गवत म्हणून हिरवं अस्तर टांगलं. मी टॉवर. हातात लाकडी पट्टी. ती डोळे बारीक करून विमान खाली आणायची, आणि हात गुडघ्याकडे गेला की मी पट्टी मारायची. पहिल्या दिवशी तिचं मनगट लाल झालं. तिसऱ्या दिवशी हात जागच्या जागी राहिला, पण ओठ हलले. ओठांवर पट्टी कशी मारणार? मग मी टाचण्या दिल्या तिला, तोंडात धरायला, आम्ही शिंपी धरतो तशा. पॅन्ट आखूड करायला आलेल्या एका बाईंनी हे दारातून पाहिलं आणि पॅन्ट तशीच लांब ठेवायचं ठरवलं.

मोरीतलं "सोडलं"ही बंद केलं. ते मात्र मला जड गेलं.

दुसऱ्या चाचणीच्या दिवशी मी दुकान उघडलं, पण सबंध सकाळ एकच बाही तीनदा उसवून शिवली. दुपारी तिचा फोन आला. समोर धावपट्टी आली, गवत आलं, हात जागेवर राहिला, जीभ तोंडात राहिली, आणि तेवढ्यात ते न बोलणारे कॅप्टन समोर बघतच म्हणाले, "सोडलं का?"

"नाही," ती म्हणाली, आणि विमान टेकवलं. इतकं अलगद की मागच्या वाळूला कळलं नसेल, असं तिचं म्हणणं. ह्यात थोडी फुशारकी असणार, पण मी जाऊ दिलं.

खाली उतरल्यावर तिने धीर करून विचारलं की पहिल्याच दिवशी नापास का नाही केलं. ते म्हणाले, "चुकीच्या सवयी सगळ्यांना असतात. मोडता येतात का, ते बघायचं होतं." आणि पुढच्या महिन्यात रुजू व्हायला सांगितलं. पहिलं ठाणं लांब आहे, समुद्रापलीकडे. वर्षातून दोनदा सुट्टी.

मी दुकानात जे कोण होतं त्या सगळ्यांना सांगितलं. ह्या वेळी मान हलायची थांबली नाही. ती म्हणाली, आता बाबांना सांगते, आणि फोन ठेवला. मला मनातून आनंद झाला होता की माझ्या भावाची मुदत त्याच्याच गळ्यात पडली. संध्याकाळी त्याचा फोन यायचा तेव्हा काय काय ऐकवायचं, ते मी काजं करता करता जुळवून ठेवलं होतं.

फोन आला. त्याने घसा खाकरला नाही.

"घेतलं म्हणे तिला," तो म्हणाला.

"घेतलं. आता बोल."

"चांगलं झालं." मागे त्याच्या दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला. "तिकडे जेवणाचं काय असतं गं? विचारलंस का तू?"

"देतात म्हणे कंपनीतच."

"हं." कुलूप लावल्याचा आवाज. "ताई, मी दुकानातलं टेबल खिडकीपाशी हलवलं होतं. तिच्यासाठी. तिथून आकाश दिसतं. म्हटलं आली तर अगदीच कोंडल्यासारखं नको व्हायला. दिवाही नवीन लावला. आता ते परत होतं तिथे ठेवू का?"

दुपारपासून जुळवलेलं सगळं माझ्या तोंडातच राहिलं. इतके महिने तो मुदत घालत नव्हता, वाट बघत होता, आणि मी बहीण असून मला ते कळलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते त्याला कळू नये म्हणून मी जरा चढ्या आवाजात म्हटलं, "कशाला हलवतोस? खिडकीत तू बस. डोळे तुझेच अधू झालेत."

"बरं," तो म्हणाला. "बसतो."