तात्यांनी कूलर बंद केला

सिनेमातल्या चोरालासुद्धा तात्या सोडत नसत. पडद्यावर कुणी दुसऱ्याच्या खिशात हात घातला की ते खुर्चीत ताठ व्हायचे आणि "धर त्याला, धर!" म्हणून ओरडायचे. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. हवालदार म्हणून निवृत्त होऊन चौसाळ्याला राहायला आले, तरी सारं गाव त्यांना जमादारच म्हणे.

घरात त्यांचा धाक मोठा. शेजारच्या लिंबोणीचं लिंबू आमच्या अंगणात पडलं, तरी आई आधी भिंतीपलीकडे हाक मारायची. "न विचारता घेतलं म्हंजी चोरलंच," हे तात्यांचं ठरलेलं वाक्य. रविवारी विहारात पंचशील तात्याच सांगायचे आणि आम्ही मागून म्हणायचो. चोरी न करण्याचं दुसरं शील आलं की त्यांचा आवाज असा चढायचा, की आम्ही पोरी एकमेकींना कोपरानं ढोसायचो.

उन्हाळ्यात एका दुपारी मी त्यांना एक जुना परदेशी सिनेमा लावून दिला. कृष्णधवल. चार चोर बँकेची तिजोरी फोडायला निघतात, एवढीच गोष्ट. असला सिनेमा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला. भाषा कळत नव्हती म्हणून मी शेजारी बसून सांगत होते. सुरुवातीला तात्यांनी चौघांनाही मनसोक्त शिव्या घातल्या. मग चोरी सुरू झाली. कुणी बोलेना, संगीत नाही, नुसता भिंत कोरण्याचा बारीक आवाज. तात्याही गप्प झाले. खाली फिरणारा पहारेकरी जिन्यापाशी थबकला, तसे तात्या झटकन उठले आणि त्यांनी आमचा खडखडणारा कूलर बंद केला.

"अहो, कावून बंद केला?" आई म्हणाली.

"हळू! त्याला ऐकू जाईल ना."

आम्ही हसून हसून लोळलो. तात्यांचं तोंड मात्र उतरलं. कूलर पुन्हा लावून ते परसात जाऊन बसले. शेवट त्यांनी पाहिलाच नाही.

पुढच्या रविवारी विहारात त्यांनी पंचशील सांगायला नकार दिला. "दुसऱ्या कुणी सांगा. मला लाज वाटती."

मी घरी आल्यावर समजावलं, "तात्या, सिनेमा होता तो."

"व्हता ना. पण मी चोरांच्या बाजूनं व्हतो. त्यांच्यासंगं भिवून बसलो व्हतो."

मग त्यांनी आम्हाला कधीच न सांगितलेली एक हकीकत सांगितली. नोकरीत असताना त्यांनी विहिरीवरची मोटार चोरणाऱ्या एका तरुणाला पकडलं होतं. दंड धरला तेव्हा तो लटलट कापत होता. "आन् मी हसलो, माय. दोरी बांधून भर बाजारातून फिरवला त्याला. लोकांनी नीट बघावं म्हणून मुद्दाम हळू चाललो. पडद्यावरच्या चोराची काळजी वाटली मला, ह्याची न्हाई वाटली."

तो माणूस आता मांजरसुंब्याला ढाबा चालवतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्याची माफी मागायची आणि तीही सगळ्यांसमोर, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. मीच त्यांना स्कूटीवरून घेऊन गेले. वाटेत ते काय बोलायचं ते पुटपुटत होते.

गल्ल्यावर पिकल्या केसांचा माणूस बसला होता. तात्यांना पाहताच तो उठून उभा राहिला. "साहेब, आता मी काही करत न्हाई."

"ठावं हाय. मी त्यासाठी न्हाई आलो." तात्यांनी हात जोडले. "त्या बाजाराच्या दिवशी मी..."

त्यानं घाईघाईनं तात्यांचे जोडलेले हात धरून खाली केले. "हळू बोला, पाया पडतो. सून आत भाकरी करती. घरात कुणालाच ठाऊक न्हाई."

तात्या तसेच उभे राहिले. सगळ्यांसमोर माफी मागायची म्हणून ते आले होते, आणि माफी मागितली असती तर त्या माणसाची पुन्हा एकदा तीच गत झाली असती. मला त्यांच्याकडे बघवेना. मी त्यांना बाकावर बसवलं.

पिठाच्या हातानं सून बाहेर आली. "मामा, पाव्हणे कोण?"

"जुनी वळख हाय," तो म्हणाला. "चांगली माणसं हायेत. वाढ त्यांना."

त्याच वर्षी थंडीत तात्या गेले. माफी राहिली ती राहिलीच. गावात त्यांचं नाव निघालं की लोक त्यांच्या सचोटीच्या गोष्टी सांगतात, आणि त्या खऱ्याच आहेत. मला मात्र त्या बाकावरचे तात्या आठवतात. मान खाली घातलेली, हातातला घास हातातच. सून ताजी भाकरी घेऊन आली, ताटात वाढली आणि मोठ्या मायेनं म्हणाली, "खावा की बाबा, लाजताय कावून?"