हन्नाचा शालू

शेजारच्या हन्नाबरोबर परवा तिच्या सिनेगॉगमध्ये गेले. धर्मग्रंथाच्या कपाटावरचा डाळिंबी पडदा उन्हात झळकत होता. त्याचे काठ मी लगेच ओळखले. लग्नाआधी आम्ही दोघींनी एकाच दुकानातून एकसारखे शालू घेतले होते, त्यातला तिचा हा!

"अगं, तुझा ना हा? मग कुठे नाव नाही घातलंस?"

"कशाला?" एवढंच म्हणून ती पदर सावरत बाकावर बसली.

मला मेलीच्या त्या 'कशाला'चा फार हेवा वाटला. मी देवळाला साधी घंटा दिली, तर तिच्यावर घराण्यासकट नाव कोरून घेतलं. माझ्या शालूला मात्र कुणाला हात लावू दिला नाही, स्वतःही नेसले नाही.

घरी येऊन तो हौसेने उलगडला. प्रत्येक घडीवर चिरला होता.