काका मराठीत काय म्हणाले

आज दुपारी एडिसनमध्ये स्कूल बोर्डाच्या निवडणुकीच्या प्रचारासाठी दारोदार फिरत होतो. सोबत डेनिस होती. ती कृष्णवर्णीय, निवृत्त शिक्षिका. आपल्या मराठी मंडळातल्या मेधाच्याच पॅनेलमधून उभी आहे.

एका घरी मराठी काकांनी दार उघडलं. त्यांच्या हातात विरोधकांचा फ्लायर होता. त्यात मेधाचा चेहरा मुद्दाम काळपट केलेला.

"हा सरळसरळ रेसिझम आहे!" काका डेनिसला इंग्रजीत म्हणाले. राग खरा होता.

मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "मेधाला घरातली सगळी मतं. हिला मात्र नाही हं. ही लोकं बोर्डावर आली की शाळांची वाट लागते."

"काका, ती इथेच उभी आहे."

"तिला कुठे मराठी कळतंय? या, चहा घेऊन जा दोघं."

चहा घेतला नाही. गाडीत बसल्यावर डेनिस म्हणाली, "किती चांगला माणूस! आमच्यासाठी इतकं चिडलेलं आज पहिल्यांदाच कुणी भेटलं. शेवटी काय म्हणाले ते?"

मी गाडी सुरू केली.

उद्या पुन्हा तिच्यासोबत फिरायचं आहे. काका मंडळाच्या या ग्रुपमध्ये आहेत. त्यांना मराठी कळतं. डेनिसला काय सांगू, ते त्यांनीच खाली लिहावं.