मावसाजींनी मिल थांबवली

गोंदिया जिल्ह्यात ‘नाही’ हा शब्द माझ्या मावसाजींइतक्या वेळा दुसऱ्या कुणी उच्चारला असेल, असं मला वाटत नाही. विचारणाऱ्याचं वाक्य पुरं होण्याआधीच त्यांचा नकार येऊन उभा राही. मावशी विचारायची, “जेवता का?” “नाही,” म्हणेपर्यंत मावसाजी पाटावर बसलेले असत. त्यांचा नकार म्हणजे गाडी सुरू होण्याआधीचा धूर, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

गोंदियाबाहेरच्या एका राईस मिलमध्ये ते मिस्त्री होते. मशीनचा रोग ते कानानं ओळखत, आणि ही विद्या मिलच्या फाटकाशी ठेवून यायचं त्यांना जमत नसे. आमच्याकडे आले की आधी फ्रिजला कान लावत, मग माणसांची विचारपूस. माझे वडील जिना उतरत होते, तो आवाज ऐकून मावसाजी एकदा म्हणाले, “भाऊ, उजव्या गुडघ्याची बेअरिंग गेली तुमची.” पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी तेच सांगितलं, फक्त जास्त शब्दांत. तांदळाचंही तसंच. ताईच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू असताना खांद्यावर पडलेल्या अक्षतांतला एक दाणा त्यांनी दाताखाली धरला आणि शेजारच्याला सांगितलं, “धान ओलं होतं. दोन उन्हं कमी पडली.” शेजारी नवरदेवाचे काका होते, आणि तांदूळ त्यांनीच आणला होता.

मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला तत्त्वज्ञान घेतलं होतं. कॉलेजातल्या बाईंनी निबंधाऐवजी दहा मिनिटांची फिल्म करायला सांगितली. विषय, रोजच्या कामातलं तत्त्वज्ञान. आमच्याकडे होता मित्राचा मोबाइल, तो बांधायला बांबू आणि सुतळी, आणि मावसाजी. “फिल्ममध्ये काम कराल का?” “नाही,” ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून मिलमध्ये हजर.

मुलाखत सुरू झाली. मी विचारलं, “मावसाजी, काम हीच पूजा, असं वाटतं ना तुम्हाला?”

“नाही. पूजा मी सकाळी आंघोळ करून करतो.”

“मग काम म्हणजे काय?”

“काम म्हणजे काम. कायले डोक्स खाऊन राहिला?”

दोन दिवसांत असे नऊ नकार जमा झाले. तत्त्वज्ञान काही सापडेना. मग मला वाटलं, निदान एखादा शॉट तरी जबरदस्त हवा. धानाची कोठी म्हणजे दोन पुरुष उंचीची पक्की खोली; धान वरून ओतायचं, खालच्या तोंडातून ते मशीनकडे ओढलं जातं. त्या सोनेरी ढिगावर मी विचारमग्न चालत जाईन, असं ठरलं. मावसाजींना विचारलं नाही. उत्तर ठाऊक होतं.

चौथ्या पावलाला पाय खाली गेला. काढायला गेलो तर दुसराही गेला. खाली मशीन धान ओढत होती आणि धानाबरोबर मला. कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. मी ओरडलो, तर मित्र मोबाइल रोखून वरून म्हणाला, “भाई, क्या एक्टिंग है! और डर, और!” श्वास घेतला की बाहेर सोडताना धान आणखी आवळायचं. आईची आठवण आली.

तेवढ्यात अख्खी मिल गप्प झाली. वीज गेली की मिल थांबे; मावसाजींनी स्वतः भर पाळीत ती कधी थांबवली नव्हती. पण माझ्यामुळे कोठीचं खालचं तोंड अडून धान उचलणाऱ्या पट्ट्याचा आवाज हलका झालेला त्यांना कळला आणि त्यांनी आधी खटका पाडला, मग धावले. ढिगावर फळी टाकून ते पालथे पडले, मला काखेत धरलं. मागे एक बाई टोपल्या भरभरून धान उपसत होती. मी बाहेर आलो तेव्हा चपला आत राहिल्या होत्या.

“कायले उतरला बे पोट्ट्या?”

“शॉट...”

“मेला असता तर कोणं पाहिला असता तुया शॉट?”

मग ते पोत्यावर बसले. पाण्याचा गिलास मीच त्यांच्या तोंडाला लावला. पाणी पिऊन त्यांनी माझे दोन्ही पाय घोट्यापासून चाचपले आणि मोठ्ठा सुस्कारा सोडला. “साबूत आहे,” ते म्हणाले. “मावशीले सांगू नको.”

कॉलेजात फिल्म दाखवली. नऊ नकारांवर हॉल हसून लोटपोट झाला. मित्राचा मोबाइल सुरूच राहिला होता, त्यामुळे कोठीतला प्रकारही पडद्यावर आला. बाईंनी फिल्म पाहायला आलेल्या मावसाजींना विचारलं, “खटका पाडताना मनात काय विचार आला?”

“नाही आला. विचार करत बसलो असतो तर पोट्टं गेलं असतं.”

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. आम्हाला चांगले गुण मिळाले, आणि मी जिवंत असल्यामुळे ते आईला सांगताही आले.

ती मिल आता बंद आहे. मी नागपूरहून गेलो की मावसाजी फिल्म लावायला सांगतात. स्वतःकडे बघत नाहीत. मागून जाणारी माणसं ओळखतात. “हा रायपूरले गेला. ह्यानं आता सडक अर्जुनीले चहाची टपरी टाकली.” मागच्या खेपेला त्यांनी फिल्म थांबवली. पडद्यावर ती टोपलीवाली बाई होती, पाठमोरी.

“फुलवंता,” ते म्हणाले. “सालेकसाकडची. मिल बंद झाली अन् गावाले गेली. कशी आहे, काही समजलं नाही बाप्पा.”

माझा जीव वाचवणाऱ्या बाईचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.