काकांचे पितर

"किती लांब जायचंय?"

कोणी "तुम्ही मूळचे कुठले?" असं विचारलं की काका आधी हा उलटा प्रश्न करायचे. तुम्ही परदेशात राहिला असाल तर तुम्हालाही हा प्रश्न ऐकून ऐकून वीट आला असेल. मला तर आयर्लंडमध्ये तो रोज एकदा तरी येतो आणि मी रोज थोडी चिडते. काका चिडायचे नाहीत. ते अंतर विचारायचे.

काका किलकेनीच्या एका हॉस्पिटलात पोर्टर होते. पेशंटला ट्रॉलीवरून इकडून तिकडे न्यायचं हे त्यांचं काम. एक्स-रे जवळच होता, तिथवर जायचं असलं तर उत्तर "ब्राझील" एवढंच. ऑपरेशन थिएटरपर्यंत जायचं असलं तर त्यात जपान यायचं. आणि म्हाताऱ्या माणसांचा वॉर्ड इमारतीच्या पार दुसऱ्या टोकाला होता, तिथे जायचं असलं की काकांचे आजोबा बोटीत बसायचे.

भूल देणं हे माझं काम. घाबरलेला पेशंट आला की माझी निम्मी शक्ती त्याला शांत करण्यात जाते. काकांनी आणलेला पेशंट मात्र टेबलावर चढता चढता विचारायचा, "मग पुढे त्या आजोबांचं काय झालं?" काका म्हणायचे, "परत येताना सांगतो." पेशंट परत येणार हे इतक्या सहज सांगणारा माणूस आमच्या अख्ख्या विभागात दुसरा नव्हता.

हॉस्पिटलात सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. वडिलांच्या वयाच्या माणसाला नावाने हाक मारणं मला काही जमेना. मी सरळ "काका" म्हणायला लागले आणि त्यांनी ते अर्थ न विचारता घेतलं. अर्थ सहा महिन्यांनी विचारला. सांगितल्यावर म्हणाले, "चालेल."

त्यांची सगळी गोष्ट मला अशी हप्त्याहप्त्यानेच कळली. आजोबा जपानमधून बायकोला घेऊन ब्राझीलच्या कॉफीच्या मळ्यांवर मजुरीला गेले. पाच वर्षं राबायचं आणि परतायचं असा बेत होता. ते परतले नाहीत. वडील तिथेच जन्मले, तिथेच भाजीपाला पिकवत म्हातारे झाले. काका तिशीत असताना उलटी वाट धरून जपानला कारखान्यात कामाला गेले. ब्राझीलमध्ये जन्मभर लोक त्यांना 'जपानी' म्हणत होते. जपानमध्ये पहिल्याच आठवड्यात ते 'ब्राझीलवाले' झाले. काही वर्षांनी एका मित्राने आयर्लंडमधल्या मांसाच्या कारखान्यात काम असल्याचं कळवलं, तेव्हा बायको आणि दहा वर्षांच्या मुलीला घेऊन ते इथे आले.

"इथे बरं वाटलं," ते म्हणायचे. "इथे मी परका आहे हे पहिल्या दिवशीच ठरलं. कोणाची निराशा झाली नाही."

एका गणपतीला मी त्यांना जेवायला बोलावलं. बायको जाऊन तेव्हा त्यांना दोन वर्षं झाली होती. त्या दिवशी आमचं उदबत्तीचं घर सापडत नव्हतं, म्हणून आपण करतो तसं मी वाटीत तांदूळ घेऊन त्यात दोन उदबत्त्या खोचल्या होत्या. काका दारातून आत आले आणि थबकले. टोपी काढली, हात जोडले, कमरेतून वाकून बराच वेळ तसेच राहिले. मग माझ्याजवळ येऊन अगदी हळू विचारलं, "कोण गेलं?"

माझ्या नवऱ्याला हसू आवरेना. मी गडबडून सांगितलं की कोणी गेलेलं नाही, उलट देव आलाय. तेव्हा कळलं की त्यांच्यात अशी उदबत्ती आणि तांदूळ गेलेल्या माणसापुढे ठेवतात. मी उदबत्त्या काढायला धावले. काकांनी हात धरला. म्हणाले, "राहू दे. देव आहे, समजून घेईल." आणि नंतर पाच मोदक खाल्ले.

त्या ओळखीवर त्यांनी आम्हाला घरी बोलावलं आणि त्यांचं देवघर दाखवलं. मी देवघर म्हणते, पण आत देवाची एक लहानशी तसबीर, बाकी सगळे पितर. जुन्या टीव्हीएवढं काळपट लाकडी कपाट, त्याला दोन दारं. आत सोनेरी अक्षरांच्या काळ्या पाट्या उभ्या: आजोबा, आजी, वडील, आई आणि कडेला बायको. वडिलांनी ते ब्राझीलच्या लाकडाचं करून घेतलं होतं. काकांनी ते आधी जपानला नेलं, मग इथे आणलं. रोज सकाळी भाताचा पहिला घास तिथे, सोबत कपभर पाणी. मग एक छोटी घंटा वाजवायची आणि सगळ्यांना घरची खबर द्यायची. एकही सकाळ चुकली नव्हती, असं ते म्हणाले.

पुढच्या वर्षी, निवृत्ती जवळ आली तेव्हा, कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर बसून त्यांनी विचारलं, "माझ्यानंतर ते कपाट तुम्ही घ्याल? तुमच्या घरी रोज दिवा लागतो, मी पाहिलंय."

मी नाही म्हटलं. अगदी गोड शब्दांत म्हटलं. घर भाड्याचं आहे, आमच्यात देवाशेजारी गेलेल्यांचे फोटोसुद्धा ठेवत नाहीत, सासूबाई येतात तेव्हा त्यांना आवडायचं नाही. सगळं खरं होतं. खरं कारण मात्र एवढंच होतं की दुसऱ्याचे पितर घरात आणायची मला भीती वाटली. काका मान लववून इथल्यासारखं "ग्रँड, ग्रँड", म्हणजे काही हरकत नाही, असं म्हणाले आणि माझा ट्रे उचलून ठेवून आले. मला इतकी लाज क्वचितच वाटली असेल.

त्या हिवाळ्यात त्यांच्या फुप्फुसात गाठ निघाली. गोष्ट फार पुढे गेली होती. एका रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. मुलगी डब्लिनजवळ सिटीवेस्टला राहते, ती आलेली होती आणि स्वयंपाकघरात काहीतरी करत होती. मी काकांना म्हटलं, कपाट मी घेईन. सासूबाईंचं मी बघते.

ते हसले. दम लागत होता, थांबत थांबत बोलले. "तुम्हाला विचारलं कारण तुम्हाला विचारणं सोपं होतं. जिला विचारायचं तिला विचारवत नाही. तिला लहानपणापासून माझ्यामागे देश बदलायला लावले. आता हे ओझं नको."

"तुम्ही एकदा विचारून तर बघा," मी म्हटलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मार्चमध्ये ते गेले. अंत्यविधीला आमच्या हॉस्पिटलातले एवढे लोक आले की उभं राहायला जागा नव्हती. मी मुलीला भेटले, हात हातात घेतला. कपाटाचा विषय काढायची ती वेळ नव्हती. मग ड्युट्या लागल्या आणि मी तिला उद्या फोन करू, परवा करू म्हणत राहिले.

शेवटी फोन तिचाच आला. "त्यांना काका म्हणणाऱ्या डॉक्टर तुम्हीच ना? एक विचारायचं होतं. भात गरम ठेवायचा की निवलेला?"

मी सुट्टी पडताच सिटीवेस्टला गेले. तिचा फ्लॅट एवढासा. कपाट कुठे दिसेना. ती मला पॅसेजमधल्या हॉट प्रेसपाशी घेऊन गेली. इथल्या घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती कपड्यांचं कपाट असतं, त्याला हॉट प्रेस म्हणतात. त्याच्या मधल्या फळीवर, टॉवेलांच्या दोन चळतींमध्ये, तीन देश फिरलेलं ते कपाट बसवलं होतं.

"दुसरी जागाच नाही," ती संकोचून म्हणाली. "वाईट दिसतं का?"

मी म्हटलं, आयर्लंडमध्ये याहून उबदार जागा त्यांना कोणी दिली नसती.

तिने दारं उघडली. पाच काळ्या पाट्या आणि त्यांच्या पुढे काकांचं हॉस्पिटलचं ओळखपत्र, निळ्या दोरीसकट, टेकवून ठेवलेलं. पाटी लिहून ब्राझीलहून यायची होती, तोवर हे. फोटोत काका कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला कोणाकडे तरी बघत होते. समोरच्या वाटीत मायक्रोवेव्हचा भात होता, त्यातून वाफ येत होती.

"त्या रविवारी मी स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं," ती म्हणाली. "मी हो म्हटलं असतं. त्यांनी मला विचारलं का नाही?"

मी पाण्याचा रिकामा कप उचलला, तिच्या स्वयंपाकघरात जाऊन भरून आणला आणि त्यांच्यापुढे ठेवला.